सिलिंडरच्या खांद्यावरचा शिक्का

पर्यटनाच्या हंगामात मालवणच्या जेटीवर सकाळी गेले, तर होड्यांमध्ये रांगेने ठेवलेले सिलिंडर दिसतात. पुण्या-कोल्हापुराहून आलेली कुटुंबे लाइफ जॅकेट चढवत असतात, कुणी फोटो काढत असते, कुणाच्या पोटात भीतीने गोळा आलेला असतो. मासे दिसतील का, पाणी गार आहे का, मोबाइल कुठे ठेवायचा, असे सगळे प्रश्न विचारून होतात. पाठीवर चढणारा सिलिंडर शेवटचा कधी तपासला, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. हॉस्पिटलात सलाइन लावताना बाटलीवरची तारीख वाचणारी माणसेही इथे काही न बघता पाण्यात उतरतात.

डायव्हिंगला सर्रास वापरला जाणारा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर आतून साधारण ११ लिटर मापाचा असतो. एवढ्याशा जागेत सुमारे २,२०० लिटर हवा कोंबलेली असते. त्यामुळे आतल्या भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २०० किलोहून अधिक भार येतो. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळपास शंभरपट. हा दाब रोज चढतो, रोज उतरतो, आणि सिलिंडर खाऱ्या हवेत, उन्हात, होडीच्या लाकडावर आपटत वर्षानुवर्षे काम करतो. धातू किती दिवस हे सोसेल याला मर्यादा आहे. ती मर्यादा जवळ आली की नाही, हे ठरवणारा माणूस म्हणजे सिलिंडर तपासणारा. बहुतेक वेळा तो एका छोट्या दुकानात बसलेला असतो, आणि त्याला आपले काम कितपत कळते यावर बरेच काही अवलंबून असते.

या बाबतीत सर्वात जास्त वाद, चुका आणि नोंदी अमेरिकेत झाल्या, कारण हौशी डायव्हर स्वतःच्या मालकीचे सिलिंडर बाळगण्याची पद्धत तिथे जुनी आहे. मालक सिलिंडर घेऊन दुकानात जातो आणि दुकानदार सांगतो, ‘हा बाद.’ किंवा सांगतो, ‘हा ठीक.’ दोन्ही उत्तरे चुकीची असू शकतात. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे जे असते, तेच इथेही आहे. चाचणी कशासाठी आहे हे तपासणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो निरोग्याला रोगी ठरवतो आणि रोग्याला घरी पाठवतो.

आधी चाचणी काय असते ते पाहू. अमेरिकेत वाहतूक खात्याच्या नियमाप्रमाणे स्कूबा सिलिंडरची दर ५ वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते. सिलिंडर हवेने नव्हे, पाण्याने भरतात. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही, त्यामुळे सिलिंडर फुटलाच तर हवेसारखा स्फोट होत नाही. हा भरलेला सिलिंडर पाण्याच्याच दुसऱ्या बंद भांड्यात बुडवून आतला दाब नेहमीच्या कामाच्या दाबाच्या पाच-तृतीयांशपर्यंत नेतात. म्हणजे ३,००० पौंडांचा सिलिंडर ५,००० पौंडांवर तपासला जातो. सिलिंडर फुगतो तेवढे बाहेरच्या भांड्यातले पाणी सरकते आणि ते मोजता येते. दाब सोडला की सिलिंडर मूळ आकाराला यायला हवा. जो भाग परत येत नाही, तो कायमचा फुगवटा. एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांपेक्षा तो जास्त भरला, तर धातूची लवचीकता संपत आली असे समजून सिलिंडर बाद करतात. एकूण १५० मिलिलिटर फुगला आणि १० मिलिलिटर मागे राहिला, तर पास. २० राहिला, तर नापास.

पास झाल्यावर सिलिंडरच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, ठोकून शिक्का उमटवतात. एका बाजूला महिना, दुसऱ्या बाजूला वर्ष आणि मध्ये चौकोनात मांडलेला एक अक्षर व तीन आकड्यांचा क्रमांक. हा क्रमांक त्या चाचणी केंद्राचा परवाना. तो नसलेला शिक्का कुणीही हातोडीने ठोकू शकतो.

याशिवाय दरवर्षी सिलिंडर उघडून आत दिवा सोडून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत आहे. ते झाले की बाहेर एक स्टिकर लागतो. ही वार्षिक पाहणी सरकारी सक्तीची नाही, डायव्हिंगच्या व्यवसायाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त आहे. सिलिंडर भरून देणारी दुकाने मात्र स्टिकर नसेल तर हवा भरत नाहीत. शिक्का आणि स्टिकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खुद्द दुकानातल्या पोरालाच माहीत नसते, आणि पहिली गडबड तिथूनच सुरू होते. कुणी स्टिकर बघून पाच वर्षांची चाचणी झाली असे समजतो, कुणी शिक्का ताजा आहे म्हणून आत डोकावतच नाही.

आता मुख्य प्रकरण. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर लोकप्रिय झाले. लक्सफर या मोठ्या कंपनीने त्यासाठी ६३५१ क्रमांकाचा मिश्रधातू वापरला. वॉल्टर किड या कंपनीनेही तोच वापरला. पुढे लक्षात आले की या मिश्रधातूत, मानेच्या आट्यांजवळ, बारीक भेग पडू शकते. ही भेग आपटल्याने किंवा वारंवार भरल्या-उपसल्यानेच पडते असे नाही. सिलिंडर नुसता भरून कोपऱ्यात ठेवला, तरी सततच्या ताणाखाली धातूच्या कणांमधल्या सीमेवरून ती वर्षानुवर्षे हळूहळू सरकत राहते. बाहेरून काही दिसत नाही. पाण्याच्या चाचणीतही ती हमखास पकडली जात नाही, कारण ती चाचणी सिलिंडरच्या धडाचा फुगवटा मोजते आणि भेग मानेत असते. रक्तदाब मोजून साखर कळत नाही, तसेच हे. बहुतेक वेळा अशी भेग आधी गळतीने स्वतःची जाहिरात करते. काही सिलिंडर मात्र भरताना फुटले, आणि भरणारा माणूस शेजारीच उभा असल्याने गंभीर जखमी झाला. दुकानदारांच्या मनात बसलेली धास्ती उगाच नाही.

लक्सफरने १९८८ च्या सुमारास अमेरिकेतले उत्पादन ६०६१ या दुसऱ्या मिश्रधातूवर नेले. त्यात हा दोष आढळत नाही. कॅटलिना या दुसऱ्या मोठ्या कंपनीने तर ६३५१ कधी वापरलाच नाही. जुन्या ६३५१ सिलिंडरांसाठी २००७ पासून अमेरिकी सरकारने पाच वर्षांच्या चाचणीबरोबर ‘एडी करंट’ची तपासणी सक्तीची केली. ती फक्त डायव्हिंगच्या सिलिंडरांना नाही, अग्निशमन दलाच्या आणि ऑक्सिजनच्या अशा सिलिंडरांनाही लागू आहे. सरकारने ६३५१ चे सगळे सिलिंडर बाद केले नाहीत. ‘नीट तपासा आणि वापरा’ असे सांगितले.

एडी करंटचे यंत्र समजायला सोपे आहे. मानेच्या आट्यांमध्ये एक तारेची गुंडाळी फिरवत नेतात. तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह तयार होतात. वाटेत भेग आली की प्रवाह अडतो आणि पडद्यावर उसळी दिसते. सुरुवातीला, माहीत असलेल्या आकाराची खाच पाडलेल्या कड्यावर यंत्र जुळवून घ्यायचे असते. आटे साफ करायचे असतात. आणि मुख्य म्हणजे उसळी दिसली की थांबून आरशाने व दिव्याने त्या जागी खरोखर भेग आहे का ते पाहायचे असते. भेग सलग दोन आट्यांइतकी किंवा जास्त पसरली असेल, तर सिलिंडर बाद.

अर्धवट माहितीचा दुकानदार इथेच घसरतो. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर ओढून तयार करताना मानेच्या आत घड्या पडतात, हत्याराचे ओरखडे राहतात, आट्यांत मीठ साचते. यंत्र या सगळ्यांवर उसळी मारते. पाहणी न करता नुसत्या उसळीवर ‘क्रॅक आहे’ असे सांगणे म्हणजे ईसीजी काढायच्या यंत्राने छापलेला निष्कर्ष वाचून रुग्णाला आयसीयूत नेण्यासारखे. त्याहून मोठी चूक म्हणजे हेच यंत्र ६०६१ च्या सिलिंडरांवर लावणे. ज्या धातूत तो आजारच नाही, त्यात तो शोधायला गेले की जे सापडेल ते बहुधा खोटेच असते. कोविडच्या दिवसांत ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ हा शब्द घराघरांत पोचला. आजार दुर्मीळ असेल, तर चांगल्या चाचणीचेही बरेचसे पॉझिटिव्ह खोटे निघतात, हे तेव्हा अनेकांनी ऐकले. तेच गणित इथे आहे. ६०६१ साठी ही तपासणी नियमात सांगितलेली नाही आणि तिच्याने दिशाभूल होऊ शकते, हे उत्पादकही सांगतात. तरी काही दुकानांत ती सरसकट होते, पैसेही घेतले जातात.

काही दुकाने तर इतकेही करत नाहीत. ‘१९९० आधीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर आम्ही भरत नाही,’ अशी पाटीच लावतात. स्वतःच्या दुकानात काय भरायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि भरणाऱ्या पोराचा जीव मोलाचा आहे. पण ‘आम्ही भरत नाही’ आणि ‘हा सरकारने बाद केला आहे’ या दोन वाक्यांत फरक आहे. दुसरे वाक्य खोटे आहे. १९८७ चा कॅटलिनाचा सिलिंडर जुना असेल, पण त्या भेगेच्या भानगडीत तो कधीच नव्हता. स्टीलचे सिलिंडर तर १९६० च्या दशकातलेही नियमित चाचणी पास होऊन वापरात आहेत. सिलिंडरचे वय आणि सिलिंडरची प्रकृती एकच नसते. डॉक्टर रोज ओपीडीत हे पाहतात.

स्टीलची कथा वेगळी. जास्त दाबाच्या काही स्टील सिलिंडरांना मुख्य चाचणीआधी थोड्या कमी दाबाने एकदा फुगवून ‘बसू’ द्यावे लागते. नियमात त्याला जागा आहे, फक्त चाचणीच्या दाबाच्या ९० टक्क्यांपलीकडे जायचे नाही. हे न करता थेट पूर्ण दाब दिला, तर चांगला सिलिंडरही कागदावर नापास होऊ शकतो. आणि कायमचा फुगवटा जास्त आला म्हणून चाचणी पुन्हा करून पाहण्याची मुभा नाही. एकदा बाद ठरला की ठरला. माहिती नसलेल्या हाताने मालकाचे काही हजार रुपये दहा मिनिटांत बुडतात आणि तक्रार करायलाही काही उरत नाही.

हे झाले चांगल्याला वाईट ठरवण्याचे. यात जाते ते पैसे आणि डोक्याची शांती. उलट बाजूला मात्र जीव जातो.

पाच मिनिटांत स्टिकर लावून देणारे दुकान ही खरी काळजीची गोष्ट आहे. व्हॉल्व्ह काढलाच नाही तर आत काय आहे ते कसे दिसणार? स्टीलच्या सिलिंडरात थोडे खारे पाणी शिरले आणि तो बराच काळ भरलेल्या अवस्थेत पडून राहिला, की आत गंज चढतो. गंज म्हणजे लोखंडाने ऑक्सिजन खाणे. तो ऑक्सिजन येतो कुठून? आतल्या श्वासाच्या हवेतूनच. काटा दाब दाखवतो, सिलिंडर भरलेला वाटतो, आणि आतल्या हवेतला २१ टक्के ऑक्सिजन घटत गेलेला असतो.

शरीराला ऑक्सिजनची टक्केवारी नव्हे, त्याचा अंशदाब कळतो. समजा, हवेत ऑक्सिजन फक्त ८ टक्के उरला आहे. २० मीटर खोलीवर एकूण दाब जमिनीवरच्या तिप्पट असतो, म्हणजे तिथे ही हवा शरीराला २४ टक्क्यांसारखी वाटते. डायव्हरला खाली काहीच त्रास होत नाही. तो वर येऊ लागतो तसा दाब उतरतो, आणि शेवटच्या काही मीटरांत ती पुन्हा ८ टक्क्यांकडे जाते. एवढ्यावर शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही. आणि गुदमरल्याची जाणीव होत नाही, कारण ती जाणीव मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे. श्वास तर व्यवस्थित चालू असतो. होडीवर दोन-चार श्वास घेऊन ‘हवा ठीक आहे’ असे ठरवणेही निरुपयोगी आहे, तेवढ्यात काही कळत नाही. अ‍ॅल्युमिनियमला हा धोका नसल्यासारखाच, कारण त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि पुढची झीज थांबवतो. कुठल्या धातूच्या सिलिंडरात काय शोधायचे, हे तपासणाऱ्याला माहीत हवे ते यासाठी.

अशीच एक चूक व्हॉल्व्हच्या आट्यांची. अमेरिकी सिलिंडरांची मान पाऊण इंची आट्यांची असते, युरोपातल्या अनेक सिलिंडरांची २५ मिलिमीटरची. २५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत सैलसर बसतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, काही काळ दाबही धरतो. मग एखाद्या दिवशी भरताना बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. दोन्हीकडचा माल जिथे एकाच खोलीत ठेवलेला असतो, तिथे तपासणीनंतर व्हॉल्व्ह परत बसवणाऱ्याने आट्यांचा शिक्का वाचला नाही, तर तपासणीच अपघाताचे कारण ठरते. रंगाचेही तसेच. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर भट्टीतल्या रंगाने चकचकीत करून आणण्याची काहींना हौस असते. १७७ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापलेला अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर अमेरिकी नियमाप्रमाणे बादच करावा लागतो, कारण उष्णतेने त्याला दिलेली कठीणता उष्णतेनेच उतरते. नवा रंग बघून खूश होणारा तपासनीस त्याच रंगाकडे संशयाने बघायला हवा.

मग अशा दुकानाशी वागायचे कसे? भांडून फायदा नसतो. अज्ञानी माणसाला चारचौघांत उघडे पाडले की तो नियमपुस्तक नव्हे, दार दाखवतो. त्यापेक्षा प्रश्न विचारावेत. सिलिंडर कशामुळे बाद झाला, कोणत्या नियमाने? भेग असेल तर ती दाखवा, आरसा माझ्या हातात द्या. फुगवटा किती आला, एकूण किती, कायमचा किती? केंद्राचा परवाना क्रमांक कोणता? जाणकार तपासनीस अशा प्रश्नांनी खूश होतो, आकडे वाचून दाखवतो. दुसरा चिडतो. उत्पादकाचे परिपत्रक छापून सोबत नेले, तर अर्धे काम होते. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: अमेरिकेत सिलिंडर अधिकृतपणे बाद करण्याचा अधिकार परवानाधारक चाचणी केंद्राचा आहे. स्टिकर लावणाऱ्या दुकानाला ‘मी स्टिकर देत नाही’ एवढेच म्हणता येते. मालकाला न विचारता ड्रिलने भोक पाडून सिलिंडर परत करणारी दुकाने आहेत, आणि परवानाधारक केंद्राने देखील तो निकामी करायचा तो मालकाच्या सांगण्यावरून. म्हणून सिलिंडर हातात देण्याआधीच पावतीवर लिहून घेतलेले बरे: नापास झाल्यास जसा आहे तसा परत करावा.

आपल्याकडे चित्र निराळे आहे, कारण सिलिंडर डायव्हरचा नसतो, धंदा चालवणाऱ्याचा असतो. दाबाखालच्या वायूचे सिलिंडर ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ खाली येतात आणि ते पाहणारी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, हिचे मुख्यालय समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, आपल्याच नागपुरात आहे. ठरावीक मुदतीने मान्यताप्राप्त केंद्रात चाचणी करणे इथेही बंधनकारक आहे, आणि चाचणीत नापास झालेला सिलिंडर चपटा करून किंवा तुकडे करून नष्ट करावा, असा नियम आहे. मुदती मात्र देशोदेशी वेगळ्या. ब्रिटनमध्ये डायव्हिंगच्या सिलिंडरची दर अडीच वर्षांनी आतून पाहणी आणि दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी असते. त्यामुळे परदेशातून आलेल्या सिलिंडरवरचा शिक्का वाचताना तो कोणत्या देशाच्या हिशेबाचा आहे, हे धंदेवाल्याला माहीत असावे लागते.

तारकर्लीत राज्य पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवण, निवती आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हौशी पर्यटकांना पाण्याखाली नेणारे व्यावसायिक मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतले बरेच जण आपल्या साहित्याची मनापासून काळजी घेतात. पर्यटकाने त्यांच्याकडे आटे आणि मिश्रधातूचे क्रमांक मागायची गरज नाही. सिलिंडर पाठीवर बांधण्याआधी, तो अजून होडीत उभा असताना, खांद्याकडे नजर टाकावी. मिठाने झाकलेले असेल तर बोटाने पुसावे. ठोकलेली तारीख हाताला लागते. तिच्याकडे बोट दाखवून ‘दादा, याची पुढची टेस्ट कधी आहे?’ एवढे विचारावे. ज्याला ठाऊक असते, तो ऑक्सिजनच्या बाटलीची एक्स्पायरी सांगणाऱ्या नर्ससारखा पटकन महिना-वर्ष सांगतो. ज्याला नसते, तो आधी सिलिंडरकडे आणि मग तुमच्याकडे बघतो.